आजोबांना नमस्कार सांगा

मुलगा आईशी गोड बोलायला लागला की आईने आपली चप्पल कुठे आहे ते आधी बघून ठेवावं, असं थोरलीचं स्पष्ट मत होतं. तिचा हा मुलगा जन्मल्यापासून कधी चार शब्द सलग बोलला नव्हता. शाळेत होता तेव्हा "भूक लागली", कॉलेजात गेला तेव्हा "येतो", आणि नोकरी लागली तेव्हा नुसतंच "लागली". लग्नसुद्धा "ठरलं" एवढ्या एका शब्दात उरकलं होतं त्याने. असा माणूस हल्ली कामावरून आला की बूट न काढता स्वयंपाकघराच्या दारात उभा राहायचा, मान तिरकी करायचा आणि दवाखान्यातल्या नर्ससारख्या आवाजात विचारायचा, "आई, बरं वाटतंय ना गं?"

"मला काय धाड भरलीय?"

"नाही, सहज. दुपारी झोपलीस का? कोणी आलं होतं का?"

"कोण येणार? या बिल्डिंगमध्ये माशी आली तरी खाली तिला नाव विचारतात."

यावर तो हसायचा. तेच तर थोरलीला खटकत होतं. तो हसायचा, आणि हसता हसता तिच्या खांद्यावरून मागे, टेबलापलीकडच्या रिकाम्या खुर्चीकडे हळूच बघून घ्यायचा.

थोरली ही सासरची थोरली सून, म्हणून थोरली. धाकट्या जावा एकेक करून गेल्या, दीर गेले, नवरा गेला, नाव तेवढं राहिलं. शिक्षण चौथी, आणि तीही परीक्षेच्या आधी गोवर आला म्हणून अर्धीच. पण त्या भरल्या घरात तिला विचारल्याशिवाय कपाटाची जागा बदलायची कुणाची छाती नव्हती. आता मुलाच्या या परमुलखातल्या घरात मात्र आपल्याला न विचारता आपल्याबद्दलच काहीतरी ठरतंय, असा वास तिला येत होता. मरणाची भीती वाटत नाही असं ती येताजाता सांगायची. न विचारता काही ठरण्याची मात्र वाटायची, आणि हे ती कुणालाच सांगत नव्हती.

या सगळ्याचं मूळ ब्लॉगमध्ये होतं, आणि ब्लॉगचं मूळ खालच्या मजल्यावरच्या पोस्टमास्तरांत.

ते घर तसं चांगलं होतं, पण मुकं. खिडक्यांना दुहेरी काचा. रस्त्यावरून बस गेली तरी मासा पोहत गेल्यासारखी जायची. बाहेरच्या लांबलचक बोळात आपण पाऊल टाकलं की डोक्यावरचा दिवा आपोआप लागायचा आणि आपण पुढे गेलो की मागचा विझायचा. माणसाची पाठ वळली रे वळली की त्याच्यामागे अंधार करणारी बिल्डिंग थोरलीने आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. सून सकाळी जायची, मुलगा सकाळी जायचा, आणि दिवसभर सोबतीला काय, तर फ्रिज. तो अधूनमधून आपला घुमायचा.

मास्तर भेटले ते लिफ्टमध्ये. लिफ्टचं दार थोरलीच्या पदरावर मिटलं, तेव्हा तिने त्या दाराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि कोपऱ्यातल्या कानटोपीतून आवाज आला, "अहो वहिनी, आपलीच माणसं!" मास्तर मुलीकडे राहायला आलेले होते. जगात त्यांना न येणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे गप्प बसणं.

"वहिनी, तुमचं बोलणं फुकट चाललंय," ते म्हणाले. "ब्लॉग लिहा."

"मास्तर, मला सही करायची तर घाम फुटतो. आणि लिहू काय?"

"लिहायचं नाहीच मुळी. बोलायचं. यंत्र लिहितं. आपण बोलायचं, संध्याकाळी या बाणावर बोट ठेवायचं, की गेलं जगभर. आपली माणसं कुठे कुठे पडलीत, वाचतील. आणि यंत्र असं घातलंय तुमच्या फोनात, की तुम्ही दम खाल्लात तरी ते थांबणार नाही." हे शेवटचं वाक्य मास्तरांनी फार अभिमानाने म्हटलं होतं, ते ध्यानात ठेवावं.

घरात थोरलीने यातलं अवाक्षर काढलं नाही. सुनेला दोन पदव्या. अर्धी चौथी शिकलेली सासू लेखिका झाली म्हटल्यावर ती हसली नसती. ती "वा, आई!" म्हणाली असती, आणि ते हसण्यापेक्षा वाईट.

तर दुपारी जेवण झालं की थोरली टेबलाशी बसायची, फोनवर बोट ठेवायची आणि सुरू करायची, "बायांनो, ऐका गं." मग पातेलं करपलं तर काय करावं इथपासून नवरा ऐकत नसेल तर काय करावं इथपर्यंत (उपाय दोन्हीला एकच: भिजत ठेवावं) जे सुचेल ते बोलायची. बोलून झालं की टेलिफोनवर म्हणावं तसं सभ्यपणे "बरं, ठेवते" म्हणायची आणि फोन पालथा घालून पावाच्या डब्यावर ठेवायची. संध्याकाळी भांडी घासायच्या आधी बाण. आपलं आपण पुन्हा वाचायचं नाही, कारण स्वतःचं बोललेलं स्वतः वाचणं म्हणजे स्वतःचं उष्टं खाणं. शिवाय तिला वाचायला फार वेळ लागायचा, पण हे कारण दुसरं.

आणि काय सांगावं, उत्तरं यायला लागली! छोटी छोटी असायची. थोरली चष्मा लावून, अक्षराखाली बोट धरून ती वाचायची. एक जण होती, ती जिथे राहायची तिथे म्हणे थंडीत सूर्य उगवतच नाही. थोरलीने तिचं नाव ठेवलं काळोखी. एक जण इस्पितळात रात्रपाळी करायची, म्हणून ती रात्रपाळी. एक नुसतीच "आजी" लिहून पुढे काही लिहीतच नसे, ती मुकी. काळोखीने लिहिलं, मी दिवसच्या दिवस कुणाशी बोलत नाही. थोरलीने दुसऱ्या दिवशी जगासमोर तिची हजेरी घेतली, "बोलत नाही म्हणजे? जीभ काय शोभेला दिलीय? शेजारणीचं दार वाजव आणि चमचाभर साखर माग. साखर असली तरी माग." काळोखीने मागितली. शेजारीण आत ये म्हणाली. हे वाचून थोरली स्वयंपाकघरात एकटीच टाळ्या वाजवून हसली. रात्रपाळी एकदा पेशंट गेला म्हणून मोरीत जाऊन रडली होती. थोरलीने तिला सांगितलं, "रड, पण जेवून रड. उपाशी रडलं की डोकं धरतं." त्या दिवसापासून रात्रपाळी आधी काय जेवली ते कळवायची आणि मग रडली की नाही ते.

गेल्या कित्येक वर्षांत इतक्या बायकांनी तिचं ऐकलं नव्हतं. सकाळी उठायला कारण झालं. गुडघाही जरा कमी कुरकुरू लागला.

आणि मग एक दिवस काळोखीने लिहिलं, "थोरल्या आजी, डब्याचं झाकण सापडलं का?"

थोरलीचं बोट अक्षराखालीच थांबलं. झाकण हरवलं होतं खरं. पण ते ब्लॉग झाल्यावर, फोन पालथा घातल्यावर, घरात चिटपाखरू नसताना. तिने ओट्याखाली पाहिलं होतं, फ्रिजमागे पाहिलं होतं, झाकणाला शिव्याही दिल्या होत्या. पण हे काळोखीला कोणी सांगितलं?

योगायोग, म्हणून तिने सोडून दिलं. पुढे रात्रपाळी म्हणाली, "गुडघ्याला शेकताना हाय हाय करू नका, मला इथे लागतं." मुकीने पहिल्यांदाच लांब लिहिलं, "आजी, ते स्तोत्र म्हणताना तुम्ही मधलं कडवं गाळता." आणि एका संध्याकाळी काळोखीचं आलं:

"आजोबांना माझा नमस्कार सांगा."

आजोबा! आजोबांना जाऊन पाच हिवाळे लोटले होते. आता हे खरं, की थोरली दुपारी हात मोकळे झाले की त्यांच्याशी चार शब्द बोलायची. समोरची खुर्ची ओढून घ्यायची, म्हणजे त्यांना बसायला. बोलणं तरी काय, लेकाच्या तक्रारी. पण ते तिचं तिच्यापाशी. ब्लॉगवर तिने नवऱ्याचं नाव काढलं नव्हतं. आपला संसार चव्हाट्यावर मांडणाऱ्यांतली ती नव्हे.

खाली रात्रपाळीने जोडलं होतं, "आजोबा फार कमी बोलतात नाही? नुसतं हं म्हणतात."

थोरलीने फोन टेबलावर ठेवला आणि मान न वळवता, फक्त डोळ्यांनी, खुर्चीकडे पाहिलं. खुर्ची तिथेच होती. जरा तिरकी. तिरकी तिनेच ठेवली असणार.

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणजे मधे फक्त नऊ-दहा वेळा बोलले. "वहिनी, भूत वगैरे काही नसतं. हे हॅकर. तुमच्या घरात कुठूनतरी बघतायत. जिथे जिथे काच, तिथे तिथे डोळा. सगळं झाकून टाका."

थोरली लढाऊ बाई. तिने सुनेच्या औषधाच्या डब्यातल्या सगळ्या चिकटपट्ट्या काढल्या. फोनच्या डोळ्यावर एक, टीव्हीच्या कपाळावर एक, दाराच्या भोकावर एक. ओव्हनच्या काचेवर टॉवेल, आरशावर परकर, चकचकीत किटलीला टोपडं. संध्याकाळी सून आली, तिने दिवा लावला, आणि त्या झाकलेल्या घरात टोपडं घातलेल्या किटलीसमोर ती बराच वेळ नुसती उभी राहिली.

"आई," ती अगदी हळू म्हणाली, "आरशाला काय झालं?"

"त्याला काय होणार? जो बघतो त्याला होतं," थोरली म्हणाली. तिच्या मते हे सरळ उत्तर होतं. सून सरळ बाथरूममध्ये गेली आणि कडी लावून बसली. थोरलीला राग आला. दोन पदव्या, आणि सासूशी बोलायला दोन वाक्यं नाहीत.

पट्ट्यांचा उपयोग झाला नाही. दुसऱ्याच दिवशी मुकी विचारती झाली, "किटलीला गरम होत नाही का टोपड्यात?"

मग मास्तर तिला पोलीसचौकीत घेऊन गेले. चौकी कसली, काचेचं दुकानच ते, आत कुंड्या. काउंटरमागे एक गोरीगोमटी कारकून बाई. मास्तर तिथल्या भाषेत बोलायला लागले, म्हणजे पोस्टातल्या भाषेत. त्यांचं बोलणं ऐकलं की समोरच्याला आपलं पार्सल हरवलंय असंच वाटायचं. मध्ये मध्ये ते थोरलीला मराठीत सांगायचे.

"विचारतेय, काय चोरीला गेलं?"

"काही नाही."

"मग नुकसान काय?"

"माझी लाज गेली, म्हणावं."

मास्तरांनी काहीतरी सांगितलं. बाईने सगळीकडे शोधलं, तिच्याकडे तसा रकाना नव्हता.

"विचारतेय, संशयितांची नावं?"

"काळोखी, रात्रपाळी आणि मुकी."

"धमकी देतात का?"

"नाही. नमस्कार सांगतात."

"कुणाला?"

"यांना. आमच्या यांना."

"विचारतेय, ते का नाही आले तक्रारीला?"

"वारले, म्हणून सांगा."

मास्तरांनी सांगितलं. कारकून बाईने पेन खाली ठेवलं, मास्तरांकडे पाहिलं, थोरलीकडे पाहिलं, आणि तिचा आवाज एकदम गोड झाला. थोरलीने तो आवाज ओळखला. मुलाचा हल्लीचा आवाज! तिने थोरलीला पाणी दिलं, घरच्यांचा नंबर घेतला, आणि तक्रार काही घेतली नाही. घरातल्या कुणाची सही लागते म्हणे. ज्या बाईच्या होकाराशिवाय घरात सोयरिकी जुळल्या नाहीत, तिच्या तक्रारीला आता मुलाची सही. थोरली मास्तरांच्या पुढे पुढे चालत परत आली. बोळातले दिवे तिच्यामागे एकेक करून विझत गेले.

पुढच्याच आठवड्यात मुलगा म्हणाला, "आई, जरा डॉक्टरकडे जाऊन येऊ. सहज."

हा सहज शब्द त्याने कुठून उचलला होता कोण जाणे. डॉक्टरने ना नाडी पाहिली ना जीभ. त्याने विचारलं, आज वार कोणता. थोरली म्हणाली, "एवढा शिकला, आणि वार मला विचारतो? भिंतीवर कॅलेंडर आहे की." मुलाने तिथल्या भाषेत एकच शब्द सांगितला. मग डॉक्टर म्हणाला, घड्याळ काढून दाखवा. थोरलीने गोल काढला, आकडे घातले आणि विचारलं, "वेळ कुठली दाखवू? चांगली की वाईट?" मुलाने हे डॉक्टरला सांगितलंच नाही. तो खिडकीबाहेर बघत राहिला. डॉक्टर हळू आवाजात त्याच्याशी बराच वेळ बोलला आणि निघताना त्याने थोरलीचा हात दोन्ही हातांत घेतला.

जो डॉक्टर औषध देत नाही आणि हात धरतो, त्याने काय पाहिलं असेल? ते एकदा विचारावं असं तिच्या मनात आलं. पण विचारायचं कुणाला? विचारलं तर मुलगा गोड बोलेल.

त्यानंतर दोन-तीन दिवसांत ब्लॉगवरचा सूर बदलला.

रात्रपाळी: "थोरल्या आजी, मन घट्ट करा. मी आज जेवले, तरी रडले."

मुकी: "आम्हाला तुमची फार सवय झाली होती."

होती! थोरलीने त्या अक्षरांवरून पुन्हा पुन्हा बोट फिरवलं. होतीच लिहिलं होतं. खाली आणखी कुणाकुणाचं, ज्यांना ती ओळखतसुद्धा नव्हती त्यांचं. धीर धरा. तुम्ही आमच्यासाठी फार केलंत. जमेल तोवर लिहीत राहा. कुणाच्या दारात लोक पांढरे कपडे घालून जमावेत आणि घरधन्यालाच कळू नये कोण गेलं, तसं तिला झालं.

आणि सगळ्यांच्या खाली काळोखी:

"आजी, तुम्ही माझ्याकडे या. इथे जागा आहे. अंधार आहे, गार आहे, पण शांत आहे. सवय होते. मी वाट बघते."

दुपारचीच वेळ, पण बाहेर अंधारून आलं होतं. थोरलीने फोन हळूच खाली ठेवला आणि तिच्या डोक्यात एकेक गोष्ट आपापल्या जागी जाऊन बसली. या बायकांचा चेहरा तिने कधी पाहिलाय का? नाही. आवाज? नाही. एकीकडे सूर्य उगवत नाही. दुसरी मरणाऱ्या माणसांपाशी रात्रभर जागी. तिसरीला बोलता येत नाही. बंद घरातलं त्यांना दिसतं, ऐकू येतं. आणि यांना त्या ओळखतात! ते तिकडे हं म्हणतात, ते त्यांना ऐकू येतं!

मास्तर म्हणाले होते, बाणावर बोट ठेवलं की जगभर जातं. मेल्याने कुठल्या जगात, ते सांगितलंच नव्हतं.

तर मेलेल्या बायकांना आपण इतके दिवस पातेली कशी घासावीत ते शिकवत होतो. थोरली घाबरली, हे खरं. पण घाबरण्यापेक्षा तिला लागलं ते वेगळंच. या एवढ्या मोठ्या मुलखात तिला मैत्रिणी मिळाल्या होत्या, आणि त्यात एक जिवंत निघू नये? हसावं की रडावं ते कळेना, म्हणून तिने भाजी निवडायला घेतली.

पण थोरली ती थोरलीच. न्यायला आलेत तर न्या, पण विचारून न्या! तिने भाजी बाजूला सारली, फोन उचलला, बोट ठेवलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "बायांनो, ऐका गं. तुम्ही जिथल्या असाल तिथल्या असा. मी भीत नाही. पण मला काय झालंय आणि काय ठरलंय ते मला सरळ सांगा. आडून बोलणं मला चालत नाही, इथे नाही आणि तिथेही नाही. ठेवते." आणि आयुष्यात पहिल्यांदा दुपारीच बाण दाबला.

रात्रपाळीचं उत्तर लगेच आलं, जशी काही दाराआडच उभी होती.

"आजी, आम्हाला कुठून कळणार? तुम्हीच लिहिलंय की सगळं, परवाच्या लेखात. वाचलं नाहीत का? वाचवत नसेल तर वर कानाचं चित्र आहे, त्यावर बोट ठेवा. फोन वाचून दाखवतो."

थोरलीने कानाचं चित्र शोधलं. बोट ठेवलं.

आणि त्या मुक्या घरात एक बाई बोलायला लागली. आवाज ना तरुण ना म्हातारा. त्याला श्वास नव्हता, पूर्णविराम नव्हता, राग नव्हता, माया नव्हती. ती थोरलीचं बोलणं बोलत होती: बायांनो ऐका गं आज लोणी कढवताना. मग म्हणाली, बरं ठेवते. आणि थांबली नाही. तशीच पुढे गेली: मेलं झाकण कुठे गेलं, हाय हाय गुडघा, बसा हो तुम्ही इथे, तुमचा लेक बघा हल्ली माझ्याशी कसा बोलतो, मला काही लपवतोय, मला परत तर नाही पाठवणार, सांगा ना.

मग त्या आवाजाने म्हटलं: हं.

थोरलीने मान वळवून खुर्चीकडे पाहिलं. पण बाई पुढे चाललीच होती, आता मुलाचं आणि सुनेचं बोलणं, त्याच एका सुरात. दार ढकल हळू, आई मास्तरांबरोबर खाली गेल्यात. आजही बोलत होती का. शेजारणीने भिंतीतून ऐकलं, एकटीच टाळ्या वाजवून हसतात, बायांनो बायांनो करून कुणाला हाका मारतात. मी तिकीट काढलंय, मामाकडे ठेवू, सांभाळायला बाई ठेवू. तिकीट काढलंस, त्यांना विचारलंस. विचारून काय होणार, ती नाही म्हणेल. मग नाहीच. अगं तिचं डोकं ठिकाणावर नाही, घरभर पट्ट्या लावल्यात, पोलिसांचा फोन आला होता मला. मला माहीत आहे, मला भीती वाटते त्यांची, त्या हसायला लागल्या की मी बाथरूममध्ये जाऊन बसते, पण पाठवायचं नाही. का पण. कारण मी या घरात आले की कुणीतरी विचारतं एवढा उशीर का, मला दुसरं कुणी विचारत नाही, तूसुद्धा नाही. हळू बोल. नाही बोलणार हळू, तिकीट परत कर.

मग काहीतरी खळ्ळ, जे त्या आवाजाने "खळ्ळ" असंच वाचलं. आणि शांतता.

थोरली टेबलाशी बसून राहिली. म्हणजे ती दुपारभर ठेवते ठेवते म्हणत होती आणि यंत्र काही ठेवत नव्हतं. मास्तरांनी अभिमानाने घातलेलं यंत्र! तिचं हाय हाय, तिची झाकणं, तिची स्तोत्रं, सगळी जगभर गेली होती. लाजेने तिचे कान तापले. आणि त्या बायका मेलेल्या नव्हत्या. त्यांनी वाचलं होतं की म्हातारीला घराबाहेर काढतायत, आणि त्या तिला आपापल्या घरी बोलवत होत्या. जिथे सूर्य उगवत नाही तिथल्या बाईने आपल्या घरातली जागा पुढे केली होती.

त्या "हं"चं काय, ते तिने मास्तरांना पुढे एकदा विचारलं. मास्तर म्हणाले, फ्रिज. फ्रिज घुमला की यंत्राला हं ऐकू येतं. थोरलीने मान डोलावली. फक्त फ्रिज नेमका प्रश्न विचारल्यावरच कसा घुमतो, एवढं तिने विचारलं नाही. काही गोष्टी मास्तरांना सांगण्यासारख्या नसतात.

संध्याकाळी मुलगा आणि सून बरोबरच आली. मुलगा बूट न काढता दारात उभा राहिला आणि मान तिरकी करू लागला.

"मान सरळ कर आणि बस," थोरली म्हणाली. "तूही बस गं."

दोघं बसली. थोरलीने कानाच्या चित्रावर बोट ठेवलं आणि हात मांडीवर घेतले. ती बिनश्वासाची बाई पुन्हा सुरू झाली. सुनेने टेबलाची कड धरली. "हं"पाशी मुलगा उठून उभाच राहिला. आणि जेव्हा ती बाई त्याचंच बोलणं त्याच्याच तोंडावर, रागलोभाशिवाय, पावकिलो डाळीचा भाव सांगावा तसं वाचायला लागली, तेव्हा त्याच्या चेहऱ्याचा रंग उडत उडत पार गेला.

"आई, हे… हे कोण?"

"हा माझा ब्लॉग," थोरली म्हणाली. "मी लेखिका आहे."

सुनेच्या तोंडून आधी हुंदका आला की हसू, ते कुणालाच सांगता आलं नसतं. "म्हणजे ते बायांनो… आई, त्या बायका खऱ्या आहेत?"

"तुझ्याइतक्याच. एकीने तर मला घरही देऊ केलंय." थोरलीने फोन तिच्याकडे सरकवला. "वाच. आणि मुकीला उत्तर दे, मधलं कडवं मी गाळत नाही म्हणावं, ते मला कधी आलंच नाही." सून वाचायला लागली, आणि वाचता वाचता तिने खुर्ची ओढून थोरलीच्या बाजूला घेतली. "वा, आई" ती एकदाही म्हणाली नाही.

"एक विचारू?" थोरली तिला म्हणाली. "तुला भीती वाटत होती, तर तू मला ओरडून का नाही सांगितलंस?"

"तुम्ही ओरडला असतात."

"मग? ओरडण्याने काय अंगाला भोकं पडतात? उद्यापासून ओरडायचं. मी वाट बघीन."

मुलगा अजून उभाच होता. "आई, मला सांगितलं असतंस तर… मला वाटलं… मी उद्याच ते तिकीट रद्द करतो. तुला कुठे जायचं नाही."

"पुन्हा ठरवलंस? पुन्हा मला न विचारता?"

तो गप्प झाला. जन्मापासून होता तसा. थोरलीने चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला, आणि त्याला नीट बघून घेतलं. तिचं पोर घाबरलं होतं. आईचं काहीतरी हरवतंय असं त्याला वाटलं होतं, आणि ते हरवताना बघवणार नाही म्हणून त्याने तिलाच दूर ठेवायचं ठरवलं होतं. हे तिला कळलं. म्हणून काही सोडून द्यायचं नसतं.

"रद्द करू नकोस," ती म्हणाली. "तूच जा त्या तिकिटावर, आणि नसेल चालत तर आपल्या नावाचं काढ. मामाकडे नको जाऊ, आपल्या घरी जा. कुलूप काढ, झाडून घे, आणि चार दुपारी तिथे एकटा बसून बघ. नाही तू भिंतीशी बोलायला लागलास तर नाव सांगणार नाही. आणि बोलायला लागलास की घाबरू नकोस, तू वेडा नाहीस. मला लिही. मला वाचायला वेळ लागतो, पण मी उत्तर देते."